पल्लादियोचे ‘वास्तुकलेचे चार ग्रंथ’ (१५७०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सचित्र पुस्तकांबद्दल बोलताना या एका पुस्तकाविषयी सगळ्यात जास्त विचारणा होते. विचारणाऱ्यांत वास्तुकलेचे विद्यार्थी असतात, जुनी पुस्तकं जमवणारे असतात आणि इटलीला जाण्याआधी काही वाचून जावं म्हणणारेही असतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरोखर खूप आहे.

हे पुस्तक नेमकं कोणतं?

मूळ नाव ‘इ क्वात्त्रो लिब्री देल्लार्कितेत्तूरा’. लेखक आंद्रेआ पल्लादियो. १५७० मध्ये व्हेनिसमध्ये दोमिनिको दे फ्रांचेस्की यांनी ते छापलं. भाषा इटालियन, आकार मोठा, आणि लाकडी ठशांवरून छापलेली दोनशेहून अधिक चित्रं. चारही भाग एकाच बांधणीत असले, तरी प्रत्येक भागाचं मुखपृष्ठ वेगळं आणि पानांचे आकडेही वेगळे. पहिले दोन भाग विचेन्झाच्या जाकोमो आंगारानो या सरदाराला अर्पण केले आहेत, तर शेवटचे दोन साव्हॉयचे ड्यूक एमानुएले फिलिबेर्तो यांना.

पल्लादियो कोण होता? तो मुळात पाथरवट होता हे खरं का?

खरं आहे, आणि पुस्तक समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. त्याचा जन्म १५०८ मध्ये पादोव्हा इथे झाला. नाव आंद्रेआ, बापाचं नाव पिएत्रो. तेराव्या वर्षी त्याला एका पाथरवटाकडे उमेदवारीला ठेवलं. तिथून निघून तो विचेन्झाला आला आणि १५२४ मध्ये तिथल्या पाथरवट-गवंड्यांच्या संघात त्याचं नाव दाखल झालं. पुढे बरीच वर्षं त्याने छिन्नी-हातोड्याचंच काम केलं.

तिशीच्या सुमारास त्याची गाठ जान जॉर्जो त्रिस्सिनो या विद्वान सरदाराशी पडली. त्रिस्सिनोने त्याला जुने ग्रंथ वाचायला लावले, १५४१ मध्ये रोमला नेलं आणि ‘पल्लादियो’ हे नावही दिलं. त्यानंतर तो अनेकदा रोमला गेला, पडक्या देवळांवर चढून दोरी-पट्टीने मापं घेतली. १५५६ मध्ये दानिएले बार्बारो यांनी रोमन लेखक विट्रुव्हियसच्या ग्रंथाचा सटीक अनुवाद काढला, त्यासाठी पल्लादियोने चित्रं काढून दिली. ‘चार ग्रंथ’ छापून झाले तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. १५८० मध्ये तो गेला.

चार दशकांहून जास्त काळ बांधकामावर उभा राहिलेला माणूस लिहायला बसला की पुस्तक कसं होतं, ते इथे दिसतं. सुरुवातीलाच तो सांगतो की मी शब्दांचा पसारा टाळीन आणि आज कारागीर जी नावं वापरतात तीच वापरीन. हा शब्द त्याने शेवटच्या पानापर्यंत पाळला आहे. पांडित्य दाखवायची संधी त्याला पावलोपावली होती. त्याऐवजी तो भिंतीची जाडी सांगतो.

चार भागांत काय काय आहे?

पहिला भाग मूलतत्त्वांचा: लाकूड, दगड, वाळू, चुना, पाया, भिंती, पाच प्रकारचे खांब, खोल्यांची मापं, दारं-खिडक्या, जिने, छपरं. दुसरा घरांचा, म्हणजे विचेन्झामधले वाडे आणि आसपासच्या शेतीवरच्या हवेल्या. यातले बहुतेक त्याने स्वतः आखलेले. तिसऱ्यात रस्ते, पूल, चौक आणि सार्वजनिक सभागृहं. चौथ्यात प्राचीन रोमन देवळं, रोममधल्या घुमटाच्या पँथिऑनसह. या चौथ्या भागात त्याने आपल्या काळाजवळची एकच इमारत घेतली आहे, ती म्हणजे आर्किटेक्ट ब्रामान्तेने रोममध्ये बांधलेलं छोटं गोल देऊळ. ब्रामान्तेने जुन्यांच्या तोडीचं काम केलं असं त्याचं मत होतं, म्हणून हा मान.

पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने पहिला आणि दुसरा भाग सावकाश वाचावा. तिसऱ्यातले पूल मात्र चुकवू नयेत. ज्युलियस सीझरने ऱ्हाइन नदीवर बांधलेल्या लाकडी पुलाचं फक्त शब्दांतलं वर्णन उरलं आहे. पल्लादियोने त्यावरून तुळया एकमेकींत कशा अडकवल्या असतील याचं चित्र तयार केलं. बास्सानो गावात ब्रेंता नदीवरचा त्याचा स्वतःचा लाकडी पूलही याच भागात आहे. तो पुरात वाहून गेला, युद्धात उडवला गेला, आणि दर वेळी लोकांनी त्याच्याच आराखड्याप्रमाणे पुन्हा उभा केला.

त्याआधी अशी पुस्तकं नव्हती का?

होती. विट्रुव्हियसचा ग्रंथ दीड हजार वर्षं जुना, पण त्याची मूळ चित्रं हरवलेली. आल्बेर्तीचा लॅटिन ग्रंथ १४८५ मध्ये छापला गेला, तोही चित्रांशिवाय. सेर्लिओने १५३७ पासून सचित्र भाग काढायला सुरुवात केली, आणि विन्योलाचं पाच खांबांवरचं पुस्तक १५६२ चं. पल्लादियोच्या पुस्तकात पहिल्यांदाच असं झालं की एका आर्किटेक्टने नियम सांगितले, त्या नियमांनी बांधलेली आपली घरं मापांसकट दाखवली आणि शेजारी प्राचीन इमारती त्याच पद्धतीने मांडल्या. वाचणाऱ्याला तिन्ही ताडून पाहता येतात.

चित्रं कशी छापली आहेत?

लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं काढायचं, रेघ ठेवायची आणि बाकीचं लाकूड कोरून काढायचं. उरलेल्या उंच रेघांना शाई लागते. असा ठोकळा शिशाच्या अक्षरांच्याच उंचीचा करता येतो, त्यामुळे मजकूर आणि चित्र एकाच दाबात, एकाच पानावर छापता येतं. वाचणाऱ्याला चित्रासाठी मागे जावं लागत नाही. खांबाच्या बैठकीचं वर्णन आणि बैठकीची आकृती समोरासमोर असतात.

या पद्धतीची अडचण म्हणजे कोरणाऱ्याला वेळ लागतो. विचेन्झामधल्या बार्बारान वाड्याच्या पानावर हे पाहायला मिळतं. पुस्तक छापखान्यात होतं आणि इकडे वाड्याचा आराखडा बदलून पायाही घातला गेला होता. पल्लादियो तिथे सरळ लिहितो की शेवटी ठरलेला आराखडा मी दिलेला नाही, कारण तो छपाईच्या वेळेत कोरून झाला नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही घाई त्या पानावर जशीच्या तशी राहिली आहे. आज त्याच वाड्यात पल्लादियोचं संग्रहालय आहे, त्यामुळे ते पान हातात घेऊन उभ्या वाड्याशी ताडून पाहता येतं.

ही चित्रं सुंदर आहेत, पण वाचायची कशी?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा.

पल्लादियोने लांबून दिसणारी इमारत, तिच्यावरची झाडं, आभाळ असलं काही काढलं नाही. त्याच्या पानावर तीनच गोष्टी असतात: प्लॅन (खोल्यांची जमिनीवरची आखणी), एलेव्हेशन (बाहेरून सरळ दिसणारी बाजू) आणि सेक्शन (इमारत उभी कापून दाखवलेला आतला भाग). तिन्ही सरळ, मापाला धरून. कित्येकदा एकाच आकृतीचा अर्धा भाग बाहेरून आणि अर्धा कापून आतून दाखवलेला असतो, म्हणजे एका ठोकळ्यात दोन चित्रांचं काम. नवख्याला ते विचित्र वाटतं. मधल्या उभ्या रेषेवर बोट ठेवून एकेक बाजू पाहिली की उलगडतं.

मग प्लॅनमधले आकडे पाहा. प्रत्येक खोलीत लांबी-रुंदी लिहिलेली असते. हे फूट विचेन्झाचे आहेत, आपले नव्हेत. विचेन्झाचा एक फूट म्हणजे सुमारे ३५.७ सेंटिमीटर. त्याचे बारा भाग, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा चार. वाचणारा परगावचा असेल हे ओळखून त्याने दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला अर्ध्या फुटाच्या लांबीची रेघच छापून दिली आहे. कुणीही, कुठल्याही गावात, त्या रेघेवर आपली पट्टी ठेवून मापं बदलून घ्यावीत ही सोय.

आता एक पान जवळून पाहू. ब्रेंता नदीकाठी फोस्कारी बंधूंसाठी बांधलेली हवेली, जिला लोक ‘माल्कोंतेंता’ म्हणतात. प्लॅनमध्ये मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खोल्या आहेत. सगळ्यात लहान खोली १२ बाय १६. तिच्यापुढची १६ बाय १६. सगळ्यात मोठी १६ बाय २४. मधल्या दालनाची रुंदी ३२. हे आकडे ओळीने मांडा: १२, १६, २४, ३२. पहिली खोली तीनास चार, दुसरी चौरस, तिसरी दोनास तीन, आणि दालनाची रुंदी १६ च्या दुप्पट. एका खोलीचं माप पुढच्या खोलीत कुठेतरी पुन्हा येतंच. घरात फिरणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतात. पण एका खोलीतून दुसरीत जाताना काही खटकत नाही, त्याचं कारण इथे आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की हे पुस्तक पट्टी, पेन्सिल आणि कोरा कागद घेऊनच उघडावं. नुसती पानं उलटून ते हाती लागत नाही.

खोल्यांच्या मापांचे त्याचे नियम कोणते?

पहिल्या भागात तो खोलीचे सात चांगले आकार सांगतो. गोल (तो स्वतः म्हणतो की असा क्वचितच करतात), चौरस, चौरसाच्या कर्णाइतकी लांबी, आणि मग रुंदीच्या दीडपटीच्या आसपासचे तीन: रुंदी अधिक तिचा तिसरा हिस्सा, रुंदी अधिक अर्धी, रुंदी अधिक दोन तृतीयांश. सातवा म्हणजे दोन चौरस.

उंचीचा भाग जास्त रंगतदार आहे. छत सपाट असेल तर उंची रुंदीइतकी. छत कमानीचं असेल आणि खोली लांबट असेल, तर उंची लांबी-रुंदीच्या मधली हवी, आणि ‘मधली’ काढायचे तो तीन मार्ग देतो.

पहिला सरळ सरासरीचा. रुंदी ६ आणि लांबी १२, तर उंची ९. दुसरा गुणाकाराचा. रुंदी ४ आणि लांबी ९ असेल तर गुणाकार ३६, त्याचं वर्गमूळ ६, म्हणून उंची ६. तिसरा संगीतातल्या सुरांच्या प्रमाणाचा. ६ आणि १२ साठी तो ८ देतो: १२ मधून ८ गेले की ४ उरतात, ८ मधून ६ गेले की २, आणि चारास दोन हे प्रमाण बारास सहा इतकंच.

आता हे माल्कोंतेंताच्या मोठ्या खोलीला लावून पाहा. १६ आणि २४ साठी पहिल्या मार्गाने उंची २०, दुसऱ्याने साधारण १९.६, तिसऱ्याने १९.२. फरक अगदी थोडा. मग तीन मार्ग कशाला? पल्लादियो सांगतो की एका मजल्यावरच्या लहान-मोठ्या खोल्यांची छतं शक्यतो एका पातळीवर यावीत, नाहीतर वरच्या मजल्याची जमीन कुठे उंच, कुठे सखल होते. तीन मार्ग हाताशी असले की प्रत्येक खोलीला सोयीचा निवडून पातळी जुळवता येते. गणित एवढं सुंदर, आणि तरी ते शेवटी वरच्या मजल्याची फरशी सपाट यावी याच्यासाठी. हा माणूस मला इथे सगळ्यात जास्त आवडतो.

पाच खांबांचा एवढा गाजावाजा का?

तोस्कन, डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि कंपोझिट हे ते पाच. नक्षी बाजूला ठेवली तर मुख्य गोष्ट बुंध्याच्या व्यासाला उंचीचं प्रमाण. तोस्कन खांब व्यासाच्या ७ पट उंच, डोरिक सुमारे ८, आयोनिक ९, कोरिंथियन साडेनऊ, कंपोझिट १०. व्यासाचे तो ६० भाग करतो आणि बाकीची सगळी मापं त्या भागांत देतो. त्यामुळे खांब दहा फुटी असो की चाळीस फुटी, पाथरवटाला फक्त व्यास ठरवायचा, उरलेलं पुस्तक सांगतं. जग जिंकलं ते या सोयीने.

शोभेबद्दल त्याचं काय म्हणणं आहे?

पहिल्या भागात ‘गैरप्रकारां’वर एक प्रकरण आहे. खांबांच्या जागी वेटोळी घातलेल्या नक्ष्या नकोत, कारण त्या भार पेलताना दिसत नाहीत. दारा-खिडक्यांवरचा त्रिकोणी माथा मधोमध फोडू नये, कारण तो छपराचा उतार दाखवतो आणि त्याचं काम पाऊस बाजूला टाकण्याचं. मधेच फोडलेलं छप्पर कुणाला काय उपयोगाचं? पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या सजावटीच्या चौकटीत मात्र फुटका माथाच आहे आणि त्यात सद्गुणांची राणी बसलेली आहे.

आज प्रत्यक्ष उपयोगाचं काही सापडतं का?

भरपूर. शेतीवरच्या हवेलीसाठी तो जे सांगतो, ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. खळं उन्हात हवं. मालकाच्या घराला अगदी चिकटून नको, कारण मळणीची धूळ उडते. पण इतकं दूरही नको की घरातून नजर ठेवता येणार नाही. धान्याची कोठारं उत्तरेला, म्हणजे थंड राहतात. गवताची साठवण दक्षिणेला किंवा पश्चिमेला, कारण उन्हाने वाळलेलं गवत आत तापून पेटत नाही. या हवेल्यांच्या दोन्ही बाजूंना जे लांब खांबांचे सोपे दिसतात, ते अवजारं, गाडे आणि धान्य ठेवण्यासाठी आहेत. पावसातही मालकाला कोरड्या पायाने सगळीकडे फिरता यावं हाही हेतू. नंतर इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रीमंतांनी ते केवळ डौलासाठी उचलले.

पायाबद्दल तो म्हणतो की जमीन चांगली असेल तर खोदाई इमारतीच्या उंचीच्या सहाव्या हिश्शाइतकी करावी आणि पायाची रुंदी वरच्या भिंतीच्या दुप्पट ठेवावी. आज कुणी यावर विसंबून पाया घालू नये, माती तपासून इंजिनिअरकडूनच ठरवावा. जिन्याची मापं मात्र अजून चालतात. पायरीची उंची अर्ध्या फुटापेक्षा जास्त नको, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर. पाय ठेवायची जागा एक फुटापेक्षा कमी नको. तेवढी रुंद पायरी आजच्या फ्लॅटच्या जिन्यात सापडणं कठीण.

पायऱ्या विषम असाव्यात असं तोही म्हणतो?

हो. आपल्याकडे घर बांधताना वडीलधारे ज्याचा आग्रह धरतात, तोच नियम इथे आहे. प्राचीन लोक पायऱ्या विषम ठेवत, म्हणजे उजव्या पायाने चढायला सुरुवात केली की उजव्याच पायाने वर पोचता येतं, असं तो लिहितो. देवळात शिरताना ते शुभ मानत. फार तर ११ किंवा १३ पायऱ्यांनंतर विसाव्याला टप्पा द्यावा, म्हणजे थकलेल्याला थांबता येतं आणि वरून काही निसटलं तर तिथे अडतं.

यावरून दोन्ही परंपरांचा उगम एक, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये.

पुस्तकातल्या इमारती तशाच बांधल्या गेल्या का?

नाही, आणि तुलना करण्यात मोठी गंमत आहे. विचेन्झाच्या मुख्य चौकातलं सभागृह घ्या, ज्याला आज ‘बासिलिका पल्लादियाना’ म्हणतात. आत जुनी, वेडीवाकडी इमारत होती. पल्लादियोने १५४९ पासून तिच्याभोवती दगडी कमानींचं दुमजली वेष्टण घालायला घेतलं. जुन्या खणांची रुंदी ठिकठिकाणी वेगळी. त्याने सगळ्या कमानी सारख्या ठेवल्या आणि कमानीच्या दोन्ही अंगांची चौकोनी फट गरजेप्रमाणे कमी-जास्त केली. चौकात उभं राहिलं तर हे चटकन लक्षातही येत नाही. पुस्तकात मात्र सगळे खण सारखे काढले आहेत. तिथे त्याने जुन्या भिंतींची सक्ती बाजूला ठेवून मनातली इमारत दाखवली.

‘रोतोंदा’चंही तसंच. विचेन्झाबाहेरच्या टेकडीवरचं पाओलो आल्मेरिको यांचं हे घर चारही बाजूंना सारखं, खांबांच्या चार ओसऱ्या, मधे गोल दालन. पुस्तकातला घुमट उंच, अर्धगोल. पल्लादियोच्या मृत्यूनंतर काम पुरं झालं तेव्हा बसका घुमट आला. चार ओसऱ्या का, तर चारही दिशांना देखावा इतका सुंदर आहे म्हणून, असं त्याने दिलेलं कारण आहे. पुस्तकात हे घर हवेल्यांत नसून शहरातल्या वाड्यांत आहे, कारण ते शहराला लागूनच आहे.

विचेन्झा शहर १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं, १९९६ मध्ये आसपासच्या हवेल्यांचाही समावेश झाला.

व्हेनिसमधली त्याची प्रसिद्ध चर्चं पुस्तकात का सापडत नाहीत?

‘सान जोर्जो माज्जोरे’चं काम १५६६ मध्ये सुरू झालं होतं, पण ते घेतलेलं नाही. ‘रेदेंतोरे’ तर पुस्तकानंतरचं. रोमन स्नानगृहं, रंगमंडळं, विजयकमानी यांवरही त्याला पुढचे भाग काढायचे होते, ते राहिले. स्नानगृहांची त्याची रेखाटनं लॉर्ड बर्लिंग्टन यांनी १७३० मध्ये लंडनमध्ये छापली.

इंग्लंडमध्ये हे पुस्तक इतकं कसं रुजलं?

एका प्रतीमुळे, असं म्हटलं तरी चालेल. इंग्रज आर्किटेक्ट इनिगो जोन्सकडे १६०१ ची आवृत्ती होती. १६१३-१४ मध्ये तो इटलीत फिरला तेव्हा ती बरोबर होती. एकेका इमारतीसमोर उभं राहून त्याने समासात टिपणं लिहिली: कुठलं माप पटलं, कुठे पुस्तकात आणि इमारतीत फरक आहे. ती प्रत आज ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजमध्ये आहे. परत आल्यावर त्याने ग्रिनिचचं ‘क्वीन्स हाऊस’ आणि लंडनचं ‘बँक्वेटिंग हाऊस’ बांधलं. पुढे जाकोमो लिओनीने १७१५ पासून इंग्रजी आवृत्ती काढली. ती देखणी, पण चित्रांत लिओनीने आपल्या मनाने फेरफार केले. आयझॅक वेअरने १७३८ मध्ये मूळाशी प्रामाणिक राहून ताम्रपटांवर चित्रं पुन्हा कोरली. अमेरिकेत थॉमस जेफरसन या पुस्तकाला वास्तुकलेचं बायबल म्हणत, असं त्यांच्या परिचिताने लिहून ठेवलं आहे.

भारतात याचा माग लागतो का?

लागतो, आणि तो चक्क एका पानापर्यंत नेता येतो. दुसऱ्या भागात ब्रेंता नदीकाठच्या मोचेनिगो हवेलीचा आराखडा आहे: मधे मुख्य इमारत आणि तिच्या चार कोपऱ्यांतून निघणारे चार वळणदार हात. ती हवेली तशी उभी राहिली नाही. इंग्लंडमधलं केडल्स्टन हॉल आखताना त्यावरून चार दालनांची योजना केली गेली, प्रत्यक्षात दोनच बांधली गेली. केडल्स्टनवरून चार्ल्स वायटने गव्हर्नर जनरल वेलस्लीसाठी कोलकात्याचं गव्हर्नमेंट हाऊस आखलं, ते १८०३ मध्ये पुरं झालं. तिथे चारही हात आहेत. व्हेनिसच्या कागदावरची कल्पना पूर्णपणे बांधली गेली ती हुगळीकाठी.

मुंबईच्या टाऊन हॉलबद्दल, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीबद्दल, बरेच जण विचारतात. १८३३ मध्ये पुरी झालेली ती वास्तू ग्रीक वळणाच्या डोरिक खांबांची आहे. ग्रीसमधल्या देवळांची मापं युरोपात छापून आली ती अठराव्या शतकात, पल्लादियोने ती पाहिलेली नव्हती. त्यामुळे तिचं कूळ थोडं वेगळं.

भारतीय वास्तुकलेवर असं जुनं सचित्र पुस्तक आहे का?

राम राझ यांचा हिंदू वास्तुकलेवरचा इंग्रजी निबंध जरूर पाहा. ते मूळचे तंजावरचे, बंगळूरला न्यायाधीश होते. ‘मानसार’ आणि इतर शिल्पग्रंथांच्या त्रुटित हस्तलिखितांवरून त्यांनी खांब, विमानं (गाभाऱ्यावरची शिखरं), गोपुरं यांची मापं लावली. पोथीतल्या संज्ञा पंडितांना उलगडेनात, तेव्हा त्यांनी तंजावरच्या एका परंपरागत शिल्पकाराची मदत घेतली. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८३४ मध्ये ४८ चित्रपानांसह छापलं. पल्लादियोशेजारी ते ठेवून वाचण्यासारखं आहे.

माझ्याकडच्या प्रतीवर १५७० छापलं आहे. ती मूळ आहे का?

घाई करू नका. व्हेनिसमधले माजी ब्रिटिश कॉन्सल (सरकारी प्रतिनिधी) जोसेफ स्मिथ यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकात एक हुबेहूब नक्कल निघाली, तिच्या मुखपृष्ठावरही १५७० च आहे. १७८६ मध्ये जर्मन कवी गटेने पादोव्हात विकत घेतली ती हीच. मूळ प्रतीत चित्रं लाकडी ठशांची आहेत आणि आपल्याकडची ताम्रपटावरून केलेली नक्कल आहे, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे.

ओळखायचं असं. पान खिडकीशी तिरपं धरा. ताम्रपटाची छपाई असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट दिसते आणि शाईची रेघ कागदावर किंचित उठलेली असते. लाकडी ठशात चौकट नसते, रेघ कागदात दबलेली असते आणि पानाच्या मागे तिचा उठाव बोटाला जाणवतो. रेघाही थोड्या जाड, कुठे तुटलेल्या. मग कागद उजेडाकडे धरा. हातकागदात जाळीच्या बारीक रेषा आणि मधून मधून जाड उभ्या रेषा दिसतात. गुळगुळीत, एकसारखा कागद असेल तर ती बहुधा विसाव्या शतकातली फोटोवरून केलेली प्रत. १५८१, १६०१, १६१६ आणि १६४२ च्या आवृत्त्याही आहेत, तेव्हा मुखपृष्ठ हरवलेल्या प्रतीबद्दल जाणकाराला विचारल्याशिवाय बोलू नये.

दमट हवेत असं पुस्तक कसं जपावं?

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा खरा वैरी. पुस्तक बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कपाट भिंतीपासून थोडं पुढे घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत बुरशी धरते. आम्लरहित कागदाच्या पेटीत आडवं ठेवा आणि कोरड्या दिवशी बाहेर काढून पानं पाहा: कसर, वाळवीची माती, तपकिरी ठिपके. उन्हात मात्र वाळवू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं आणि लॅमिनेशन करणं या दोन गोष्टींनी झालेलं नुकसान भरून येत नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करून पानं उलटा. सुती हातमोज्यांनी उलट पानाची कड फाटते. जुनी बांधणी सपाट उघडायचा आग्रह धरू नका, दोन्ही बाजूंना उशी द्या.

विकायची किंवा परदेशी पाठवायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधन आहे.

मूळ प्रत परवडणारी नाही. वाचायला कोणती घ्यावी?

१५७० च्या प्रतीची स्कॅन केलेली पानं इंटरनेट अर्काइव्हवर मोफत पाहता येतात. चित्रांसाठी तीच सगळ्यात चांगली. इंग्रजीत वाचायचं तर रॉबर्ट टॅव्हर्नर आणि रिचर्ड स्कोफिल्ड यांचा १९९७ चा अनुवाद घ्या. त्यात मूळ लाकडी ठशांची चित्रं आपापल्या जागी आहेत. वेअरच्या १७३८ च्या आवृत्तीचं स्वस्त पुनर्मुद्रण १९६५ मध्ये निघालं, ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळून जातं. त्याची भाषा जुनी आहे, पण मापांसाठी चांगलं. लिओनीची आवृत्ती देखणी असली तरी अभ्यासाला घेऊ नका. विकत घेण्याआधी माल्कोंतेंताचं पान उघडा आणि खोल्यांतले आकडे वाचता येतात का ते पाहा. छपाई इतकी बारीक असेल की आकडे दिसतच नाहीत, तर ती प्रत परत ठेवा.